मोठ्या ऑर्गनची कॅरल्स सांगलीच्या छोट्या चर्चमध्ये: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली शहरातल्या एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून मंडळीचं नाव, भाग आणि वर्ष दिलेलं नाही आणि माणसांचा उल्लेख नात्याने किंवा कामाने केला आहे. सरावांना मी नोंदी ठेवायला बसत असे. हे लिखाण त्याच नोंदींवर उभं आहे.

नाताळाआधीच्या रविवारी संध्याकाळी इथे कॅरल, म्हणजे नाताळगीतांच्या गायनाची उपासना असते. गायन मंडळ पंचवीसेक जणांचं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई ते चालवतात. चार आवाजांत गाण्याची सवय मिशनच्या काळापासूनची, त्यामुळे साठी ओलांडलेल्या काही मावश्यांना आपला आल्टो, म्हणजे चालीखालची बायकांची दुसरी ओळ, आजही पुस्तक न उघडता येतो. याच मंडळीत ना. वा. टिळकांची भजनं पेटी, तबला आणि झांजेवर रंगतात. एकच माणूस सकाळी झांज वाजवतो आणि संध्याकाळी बास, म्हणजे सर्वांत खालची ओळ, गातो, आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

चर्चमध्ये पायांनी भाता मारायचा एक जुना रीड ऑर्गन होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला तेव्हा त्याच्या तळाशी पाणी लागलं. लाकूड फुगलं, भात्याचं कापड सरसापासून सुटलं, खालच्या सप्तकातले काही सूर गप्प झाले. तेव्हापासून तो कोपऱ्यात होता आणि गाणी कीबोर्डवर होत होती.

सांगलीला ऑर्गन नवा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, आणि पुढे संगीत नाटक बहरलं तेव्हा ऑर्गन साथीला आला. आजही नाट्यपदांच्या मैफलीत तो दिसतो. पण तो रीड ऑर्गन. त्यात हवेच्या झोताने पितळेच्या पातळ पट्ट्या थरथरतात. पाइप ऑर्गनची जात वेगळी. त्यात हवा नळ्यांमध्ये सोडली जाते, प्रत्येक सुराला आणि प्रत्येक नादाला स्वतंत्र नळी असते. एका जातीच्या नळ्यांची रांग म्हणजे एक स्टॉप. मोठ्या वाद्यात असे अनेक स्टॉप, हातांसाठी दोन-तीन किंवा त्याहून जास्त कीबोर्ड आणि पायांसाठी वेगळा पट्टा असतो. फिलाडेल्फियातल्या वॅनामेकर ऑर्गनला सहा कीबोर्ड आणि २८ हजारांहून जास्त नळ्या आहेत. आपल्याकडे असं वाद्य मुंबई-पुण्याच्या काही जुन्या चर्चमध्येच ऐकायला मिळतं.

प्रश्न काय होता

बाईंची भाची मुंबईला असते. तिथे ती पाइप ऑर्गन शिकली आणि मोठ्या तीन कीबोर्डच्या ऑर्गनसाठी तिने स्वतः काही कॅरल्सची मांडणी केली. सुट्टीत ती सांगलीला आली असताना बाईंनी ती वही पाहिली आणि म्हणाल्या, “या वर्षी हेच करू.”

वहीत काय होतं ते थोडं सांगायला हवं, कारण सगळी अडचण तिथूनच सुरू होते. ‘ओ कम ऑल यी फेथफुल’, ‘हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग’, ‘जॉय टू द वर्ल्ड’ आणि ‘सायलेंट नाइट’ ही मंडळीला मराठी शब्दांसह पाठ असलेली गाणी. शिवाय फक्त वाजवायचे दोन तुकडे: दाकँ या अठराव्या शतकातल्या फ्रेंच ऑर्गनवादकाने नाताळच्या लोकधुनेवर रचलेला एक नोएल, आणि शेवटी जर्मन संगीतकार बाखचं ‘इन दुल्ची युबिलो’. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये नाताळच्या उपासनेनंतर वाजतं तेच. प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक कडव्याला वेगळे स्टॉप लिहिलेले, चाल कधी वरच्या आवाजात, कधी मधल्या, कधी पायाकडे. अखेरच्या कडव्याला स्वरसंगती, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणारे सूर, पूर्ण बदललेली.

ही मांडणी नळ्यांच्या ऑर्गनसाठी. सांगलीत नळी एकही नाही. मग ती इथे वाजवायची म्हणजे नेमकं काय वाजवायचं? मंडळीपुढचा प्रश्न हा होता. वाद्य कुठून आणायचं हा त्यानंतरचा, आणि माझ्या मते दुय्यम. पहिल्या बैठकीत मात्र सगळी चर्चा दुसऱ्या प्रश्नावरच झाली.

समोर असलेले पर्याय

गायन मंडळाला घेऊन पुण्या-मुंबईच्या एखाद्या चर्चमध्ये जायचं, ही सूचना पाळकसाहेबांनी केली आणि त्यांनीच मागे घेतली. डिसेंबरात कुठलंही चर्च आपली संध्याकाळ दुसऱ्याला देणार नाही, आणि मुळात ही उपासना सांगलीच्या मंडळीसाठी होती.

तरुण संघाचं म्हणणं, कीबोर्डवर ‘चर्च ऑर्गन’ असं बटण आहे, ते दाबा. भाचीने ते वाजवून दाखवलं. एकच नाद, वरपासून खालपर्यंत सारखा. पहिलं कडवं आणि शेवटचं कडवं यांत फरक फक्त आवाज वाढवण्याचा. तिची मांडणी ज्या गोष्टीवर उभी होती तीच यात नव्हती.

ध्वनिमुद्रित साथ लावून गायचं, हा पर्याय कमिटीतल्या एकांनी सुचवला. बाईंनी तो तिथल्या तिथे नाकारला. मुद्रित साथ थांबत नाही. मंडळीचा श्वास अपुरा पडला तर ती वाट बघत नाही. हा निर्णय मला आजही बिनचूक वाटतो.

राहिले दोन. एक, आभासी पाइप ऑर्गन. खऱ्या ऑर्गनच्या एकेका नळीचा आवाज वेगवेगळा मुद्रित करून ठेवलेला असतो, ग्रँडऑर्ग नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो लावायचा आणि साधे मिडी कीबोर्ड जोडून वाजवायचं. स्टॉप पडद्यावर ओढायचे. भाचीकडे हे सगळं होतं. दोन, कोपऱ्यातला रीड ऑर्गन दुरुस्त करायचा आणि मांडणी त्याच्यासाठी नव्याने लिहायची.

ज्येष्ठांना दुसरा पर्याय हवा होता. “लॅपटॉपवर वाजवलेलं वाद्य उपासनेत शोभतं का?” असं एका काकांनी सरळ विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, “काका, माइकही विजेवरच चालतो.” त्यावर काका म्हणाले, “माइक माणसाचा आवाज मोठा करतो. हे तर नसलेलं वाद्य आहे.” ही हरकत जुन्या वळणाची म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. पुढे सरावात जे घडलं त्यात तिचा अर्थ कळत गेला.

शेवटी दोन्ही ठेवायचं ठरलं. चार गाण्यांपैकी तीन आणि दोन वाद्यतुकडे आभासी ऑर्गनवर, ‘सायलेंट नाइट’ रीड ऑर्गनवर. टिळकांची दोन भजनं नेहमीप्रमाणे तबला-पेटीवर. त्यांना ऑर्गनची साथ जोडायची नाही, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

‘सायलेंट नाइट’ लहान वाद्यावर ठेवण्याला आधार होता. हे गाणं पहिल्यांदा गायलं गेलं २४ डिसेंबर १८१८ ला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये, दोन गायकांनी आणि एका गिटारवर. शब्द योझेफ मोर यांचे, चाल फ्रान्त्स ग्रूबर यांची. मोठा नाद त्या गाण्याला कधीच लागला नव्हता.

पहिला सराव

पायांचा पट्टा मुंबईहून आणणं जमलं नाही. म्हणून पायाने वाजवायची ओळ वेगळी काढली आणि तरुण संघातला कीबोर्ड वाजवणारा मुलगा ती तिसऱ्या छोट्या कीबोर्डवर वाजवेल असं ठरलं. मोठ्या ऑर्गनवर हे सगळं एकाच शरीरातून येतं, इथे दोन माणसांनी एका श्वासात वाजवायचं होतं. पोरगा हुशार, पण त्याला सवय बीट लावून वाजवण्याची.

पहिल्या सरावात भाचीने पूर्ण आवाजाचे स्टॉप ओढले आणि ‘हार्क द हेरल्ड’ सुरू केलं. चर्च लहान, छत कौलारू, खाली लाकडी तक्तपोशी. तिने लावलेल्या आवाजांमध्ये मूळच्या भव्य कॅथेड्रलचा घुमारा मुद्रित झालेला होता, सूर सोडल्यावरही कित्येक सेकंद रेंगाळणारा. स्पीकर समोर, दोन बाजूंना. परिणाम असा की आवाज प्रचंड आला पण ठेका कुठेच सापडेना. दुसऱ्या ओळीला मागची बाकं पुढच्या बाकांच्या मागे पडली, तिसऱ्या ओळीला बाईंनी हात खाली घेतला.

शिवाय गाणं ‘पांढरी पाच’मध्ये, म्हणजे जी मेजरमध्ये. त्यात चाल वरच्या ई पर्यंत जाते. गायन मंडळातल्या मुलींना ते सोपं, बाकांवरच्या मोठ्या माणसांना नाही. तिथे पोचल्यावर निम्मी मंडळी खालच्या सप्तकात उतरली आणि उरलेली गप्प झाली.

त्या दिवशी निर्णयाचे दोन मुद्दे पक्के झाले.

सुराचा निर्णय सोपा होता. गाणं ‘पांढरी चार’ला आणलं. वरचा टोकाचा सूर डी झाला आणि सगळे पोचले. सॉफ्टवेअरमध्ये ही एका बटणाची गोष्ट असते, पण भाचीने तसं केलं नाही. तिने सगळं नव्या पट्टीत लिहून काढलं. बोटांखाली एक सूर आणि कानात दुसरा असेल तर हात चुकतो, असं तिचं म्हणणं.

घुमाऱ्याचा निर्णय अवघड. घुमारा हाच तर पाइप ऑर्गनचा थाट, तो काढला तर उरतं काय, असं काहींना वाटत होतं. तिने त्याच वाद्याचे कोरडे, नळीच्या अगदी जवळून घेतलेले आवाज लावले. स्पीकर समोरून हलवून गायन मंडळाच्या मागे, उंचावर, भिंतीकडे तोंड करून ठेवले. आवाज लहान झाला, पण तो आता गाणाऱ्यांच्या पाठीमागून येत होता आणि चर्चच्या स्वतःच्या भिंतींवरून परतत होता. हरकत घेणारे काका त्या सरावाला मागच्या बाकावर बसले होते. “आता इथलं वाटतं,” एवढंच म्हणाले.

माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. दुसऱ्या इमारतीचा नाद उसना आणायचा नाही.

पुढे चालायचं की मागे

रीड ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी बाईंनी नाट्यसंगीताची साथ करणाऱ्या एका काकांना बोलावलं होतं. ते ख्रिस्ती नाहीत, पण सांगलीत ऑर्गनचं कुणाचं काय अडलं की त्यांच्याकडे जायचं, हे ठरलेलं. त्यांनी आतला भाग उघडला, गप्प झालेल्या पट्ट्या काढल्या आणि मिरजेतल्या एका कारागिराकडे नेल्या. मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सुराचा कान असलेली माणसं तिथे गल्लीगल्लीत आहेत. पट्टी टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. कारागिराने तेच केलं, पण सगळं वाद्य ४४० ला, म्हणजे आजच्या प्रमाण सुराला, आणायचं नाही असं त्याने सुचवलं. जुना ऑर्गन मुळातच थोडा चढा लागलेला होता आणि एवढ्या पट्ट्या खरवडल्या तर धातू कमजोर होतो. त्याऐवजी लॅपटॉपवरचा ऑर्गन त्याच्या सुराला मिळवला. जुन्याला नव्याच्या सुरात ओढण्यापेक्षा हे सोपं, आणि न्याय्यही.

काका सरावाला बसू लागले आणि तिथे एक खरी चर्चा झाली. भाची मंडळीच्या आधी वाजवते हे त्यांना खटकत होतं.

“पोरी, आम्ही गायकाच्या अर्धं पाऊल मागे असतो. तो जागा घेणार, आपण ती भरून काढणार. तू तर पुढे पळतेस.”

“काका, तिथे एक गायक असतो. इथे दीडशे माणसं एकदम गातात. मी त्यांच्यामागे गेले तर ती एकमेकांच्या मागे जातील.”

काकांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “बरं, पुढे चाल. पण त्यांना श्वास कुठे देतेस ते मला दिसत नाही.”

नेमकं बोट त्यांनी ठेवलं होतं. पाइप ऑर्गनची कळ जोरात दाबा किंवा हळू, नळी तेवढ्याच आवाजात बोलते. आणि बोट ठेवलं आहे तोवर सूर विझत नाही. पियानोसारखा तो आपोआप ओसरत नाही, पेटीसारखा भाता ढिला सोडून त्याला हलकं करता येत नाही. मग ठेका दाखवायचा कशाने? सूर सोडण्याने. ओळीच्या शेवटचा सूर लिहिलेल्यापेक्षा थोडा आखूड करायचा, सगळी बोटं एकदम उचलायची, आणि त्या रिकाम्या जागेत मंडळी श्वास घेते. एकच सूर दोनदा आला तर मध्ये फट ठेवायची, नाहीतर दोन अक्षरं एकच ऐकू येतात. मराठी शब्दांत ही गरज जास्त पडते, कारण चालीच्या एका लांब सुरावर आपल्याकडे बरेचदा दोन अक्षरं बसवलेली असतात. भाचीची वही इंग्रजी शब्दांवरून लिहिलेली होती. बाईंनी तिच्याशेजारी मराठी गीतपुस्तक उघडून ठेवलं आणि दोघींनी ओळ न ओळ तपासली. कुठे सूर तुटणार, कुठे श्वास, ते लाल पेनने.

कीबोर्डवाल्या मुलाचा प्रश्नही यातूनच सुटला. तो मोजून वाजवत होता. त्याला सांगितलं, मोजू नकोस, ताईचे खांदे बघ. ती श्वास घेते तेव्हा खांदे उचलले जातात. दोनेक सरावांत तो जमवून घ्यायला लागला.

एक गाणं, कडव्याकडव्याने

‘ओ कम ऑल यी फेथफुल’ शेवटी कसं ठरलं ते इथे सविस्तर देतो, कारण मोठ्या ऑर्गनसाठी केलेली मांडणी म्हणजे नक्की काय, हे त्यातून दिसतं.

सुरुवातीला फक्त शेवटच्या ओळीची चाल, आठ फुटी प्रिन्सिपल, म्हणजे ऑर्गनच्या मुख्य नादाच्या स्टॉपवर. आठ फूट हे त्या रांगेतल्या सगळ्यांत लांब नळीचं माप. या स्टॉपवर लिहिलेला सूरच ऐकू येतो. चार फुटी स्टॉप एक सप्तक वर बोलतो, दोन फुटी दोन सप्तकं वर, सोळा फुटी एक सप्तक खाली. ऑर्गनचा आवाज वाढतो तो असा, एकावर एक सप्तकं चढवून.

पहिलं कडवं आठ आणि चार फुटींवर, मंडळी चार आवाजांत. दुसऱ्याला पायाची ओळ बंद, फक्त बासरीच्या जातीचे स्टॉप, आणि कडवं पुरुषांनी गायचं. तळ काढून घेतल्यामुळे गाणं एकदम हलकं होतं आणि पुढे तो परत येतो तेव्हा जमीन पायाखाली आल्यासारखी वाटते. तिसऱ्यात चाल डाव्या हाताकडे, तुतारीसारख्या स्टॉपवर, आणि वर मुलींची स्वतंत्र उंच ओळ.

चौथं कडवं वादाचं. इंग्लंडच्या परंपरेत अखेरच्या कडव्याला सगळे एकाच सुरात चाल गातात आणि ऑर्गन खालची स्वरसंगती बदलून टाकतो. डेव्हिड विलकॉक्स यांची १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेली याच गाण्याची मांडणी त्यासाठी जगभर ओळखली जाते. भाचीने स्वतःची बदललेली संगती लिहिली होती. ऐकायला विलक्षण सुंदर. पण मावश्या जुना आल्टो गाणार, आणि जुना आल्टो नव्या संगतीला जागोजागी धडकणार.

हा पेच आजचा नाही. १७०६ मध्ये जर्मनीतल्या आर्नश्टाटच्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी तरुण बाखला जाब विचारला होता. तो भजनांमध्ये चमत्कारिक फेरफार करतो, परके सूर मिसळतो आणि मंडळी गोंधळते, अशी तक्रार होती. बाईंनी हे सगळ्यांना सांगितलं, तेव्हा भाची म्हणाली, “म्हणजे मी बाखच्या बाजूला.” बाई म्हणाल्या, “आणि मी मंडळीच्या.”

पर्याय तीन होते. संगती जुनीच ठेवायची. नवी ठेवायची आणि मावश्यांना चाल गायला सांगायचं. किंवा ते कडवं फक्त गायन मंडळाने गायचं आणि लोकांनी ऐकायचं. तिसरा बाईंना अजिबात मान्य नव्हता, कारण गाण्याच्या टोकावर लोकांचं तोंड बंद करायचं हे कॅरलच्या मुळावरच येतं. दुसरा स्वीकारला. कागदावर ‘शेवटचं कडवं सर्वांनी चालीत’ असं छापलं, आणि त्याआधी ऑर्गनवर चार मात्रांचा एक दुवा घातला, जेणेकरून काहीतरी बदलतंय हे कानाला कळेल.

त्या संध्याकाळी काय झालं

‘हार्क द हेरल्ड’ उत्तम झालं. ओळ संपली की बोटं उठत होती, आणि त्या फटीत दीडशे माणसांचा श्वास एकदम ऐकू येत होता. बदललेली पट्टी, कोरडे स्टॉप, मागे ठेवलेले स्पीकर, सगळ्यांचं चीज झालं.

‘ओ कम’च्या शेवटच्या कडव्याला पहिली ओळ फसली. दोन-तीन मावश्या आल्टोतच शिरल्या, आणि ज्या बाकावर त्या बसल्या होत्या तिथे सूर स्पष्ट घासला. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या, तिसरीला चालीत आल्या. नंतर एक मावशी बाईंना म्हणाल्या, “छापलं होतं गं, पण तोंड ऐकत नाही.” पन्नास वर्षांची सवय एका छापील ओळीने जात नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

तळाच्या सुरांनी वेगळाच घोळ घातला. सोळा फुटी नळीचा सर्वांत खालचा सी सेकंदाला ३३ कंपनांच्या आसपास बोलतो. साधे स्पीकर तिथवर पोचत नाहीत, म्हणून भाड्याने एक मोठा बेस बॉक्स आणला होता. रिकाम्या चर्चमध्ये तो छान वाटला होता. त्या संध्याकाळी ‘जॉय टू द वर्ल्ड’च्या अखेरच्या सुराला डाव्या खिडकीची सैल काच तडतडायला लागली आणि लोकांच्या माना तिकडे वळल्या. साथीचे काका उठून खिडकीशी गेले आणि गाणं संपेपर्यंत काचेला तळहात लावून उभे राहिले.

दाकँचा नोएल लोकांना अनपेक्षितपणे आवडला. धून साधी, एकदा मोठ्या आवाजात आणि लगेच दुरून आल्यासारखी हलकी. लहान मुलं प्रत्येक वेळी दुसऱ्या आवाजाची वाट बघत होती. बाखचा तुकडा मात्र गेला. आशीर्वादानंतर तो सुरू झाला तेव्हा मंडळी उठून एकमेकांना सलाम करत, हात मिळवत, बाहेर केक आणि चहाकडे निघाली होती. भाचीने तो शेवटपर्यंत वाजवला. मागच्या बाकावर साथीचे काका आणि हरकत घेणारे काका, असे दोघेच पूर्ण ऐकत बसले होते.

रीड ऑर्गनवरचं ‘सायलेंट नाइट’ सर्वांत जास्त लोकांना लक्षात राहिलं. साथीच्या काकांनीच ते वाजवलं, आणि वाजवलं त्यांच्या पद्धतीने, मंडळीच्या अर्धं पाऊल मागे. या एका गाण्याला ते शोभलं.

वेगळं काय करता आलं असतं

मराठी शब्द आधी, मांडणी नंतर. वहीतल्या दुरुस्त्यांचा मोठा भाग अक्षरं आणि सूर जुळवण्यातच गेला. भाचीच्या हातात सप्टेंबरमध्येच मराठी गीतपुस्तक दिलं असतं तर नोव्हेंबरचे सराव गाण्यासाठी उरले असते.

बदललेल्या संगतीसाठी कागद पुरत नाही. बाकांवरच्या मंडळीला आधीच्या दोन-तीन रविवारी ते कडवं नेहमीच्या उपासनेत गायला द्यायला हवं होतं. दुसरी वाट म्हणजे मावश्यांचा आल्टो धरून नवी संगती लिहायची. भाचीला हे आता जमेल असं वाटतं. मला हीच वाट जास्त पसंत आहे, कारण या मंडळीचा ठेवा त्या मावश्यांच्या गळ्यात आहे आणि मांडणीने तो वापरायला हवा.

बेस बॉक्सच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: तो नको. सोळा फुटी स्टॉप बंद ठेवून पायाची ओळ आठ फुटीवर वाजवली असती तर सर्वांत खालचा सूर ६५ कंपनांवर आला असता, बरे स्पीकर तो नीट देतात, आणि एवढ्याशा चर्चला तेवढा तळ भरपूर होतो. ठेवायचाच असेल तर खिडक्यांची पुट्टी आधी.

वाद्यतुकडा आशीर्वादानंतर ठेवायचा असेल तर पाळकसाहेबांनी आधी सांगायला हवं की मंडळीने बसून राहावं. नाहीतर तो सुरुवातीला, लोक जागेवर येत असताना घ्यावा.

लाइट जाण्याची तयारी मात्र योग्य होती. एका सरावात लाइट गेली होती, तेव्हापासून लॅपटॉप आणि मिक्सर यूपीएसवर ठेवले आणि सगळी गाणी रीड ऑर्गनवरही वाजवता येतील अशी दुसरी, छोटी प्रत काकांसाठी लिहून ठेवली. ती वापरावी लागली नाही. तरी त्या प्रतीमुळे एक गोष्ट झाली. मोठ्या मांडणीतलं काय काढता येतं आणि काय नाही, हे ती लिहिताना कळलं. तुतारीचा स्टॉप गेला तरी चालतो, वरची सप्तकं गेली तरी चालतात. दुसऱ्या कडव्याला तळ काढून घेणं आणि ओळींमधला श्वास, हे दोन्ही रीड ऑर्गनवरही तसंच्या तसं राहतं.

रीड ऑर्गनच्या खालच्या सप्तकातल्या चार पट्ट्या अजून बदलायच्या आहेत, त्या मिरजेला गेल्या आहेत. भात्याच्या नव्या कापडासाठी महिला मंडळाने पैसे जमवले. कीबोर्डवाला मुलगा दर शनिवारी काकांकडे जातो आणि भाता मारत हार्मनी वाजवायला शिकतो आहे. पुढच्या नाताळला आभासी ऑर्गन किती गाण्यांना ठेवायचा, हे गणेशोत्सवानंतर होणाऱ्या बैठकीत ठरेल. बाईंचं मत दोन गाण्यांना, भाचीचं चार.